डबक्यातला आकाशपाळणा

रविकांत भाऊजींनी माझ्यासाठी काय काय केलं, याची उजळणी इथे जपानात, आमच्या फुनाबोरीतल्या मराठी मंडळात कुणीही झोपेतसुद्धा करील. माझा नवरा माधव ऑफिसात कोसळला तेव्हा हॉस्पिटलात पहिले पोचले ते. वॉर्ड ऑफिसचे हेलपाटे, दूतावासातली कामं, माझा व्हिसा, आमच्या लेकीची, तन्वीची शाळा, सगळं त्यांनी मार्गी लावलं. इथे दहनानंतर अस्थी काड्यांनी उचलतात, आपण जेवायच्या चॉपस्टिक्स म्हणतो तसल्या लांब काड्यांनी. एक अस्थी दोघांनी मिळून, दोन बाजूंनी धरायची. माझ्यासमोर दुसऱ्या काड्या धरून तेच उभे होते. माझा हात थरथरत होता, त्यांचा नव्हता. सख्खा दीर असता तर त्याने याहून जास्त काय केलं असतं, असं तेव्हा मला वाटलं होतं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला आठवण करून द्यायला नको. मला सगळं आठवतं, आणि आठवतं म्हणूनच मी त्या माणसाला सोडलं नाही.

माधव आठवडाभर एका जपानी बँकेच्या प्रोजेक्टवर मान मोडून काम करायचा आणि रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून आम्हा दोघींना बसने समुद्राकाठच्या बागेत न्यायचा. तिथे तो जुना, प्रचंड आकाशपाळणा होता. आमच्या भागात तो कुठूनही दिसायचा. आमच्या बाल्कनीतून, नदीवरच्या पुलावरून जाणाऱ्या ट्रेनमधून, तन्वीच्या शाळेच्या मैदानातून. भारतातून परत येताना विमानतळाच्या बसमधून तो दिसला की तन्वी काढून ठेवलेले बूट पायात घालायला लागायची, कारण आता घर आलं. लोक फुजी पर्वताचे फोटो काढतात, चेरीच्या फुलांचे काढतात. हा फक्त आकाशपाळण्याचे काढायचा. मी चिडवलं की म्हणायचा, फुजीला अख्खा जपान आहे, या म्हाताऱ्याला मी आहे.

त्याची फोटो काढायची तऱ्हाही निराळी. पाऊस पडून गेला की बागेतल्या फरशीवर डबकी साचतात. हा त्यातलं एखादं डबकं निवडून त्याच्या काठाला चक्क पालथा पडायचा आणि कॅमेरा पाण्याला टेकवायचा. मग फोटोत दोन आकाशपाळणे यायचे, एक वर आभाळात आणि एक खाली पाण्यात उलटा. कोरड्या रविवारी तो घरून पाण्याचा कॅन घेऊन जायचा आणि फरशीवर ओतून स्वतःचं डबकं स्वतः तयार करायचा. कुत्री फिरवायला आलेल्या म्हाताऱ्या थांबून विचारायच्या, यांना बरं वाटत नाहीये का. मी लाजेने दुसरीकडे बघायचे.

अर्थात बहुतेक वेळा मी खाली नसायचेच. मला तो वर पाठवायचा. तन्वीला उंचीची भीती, त्यामुळे ती बापाजवळ थांबायची आणि मी एकटी आकाशपाळण्याच्या डब्यात. रिकामा आकाशपाळणा म्हणजे नुसतं लोखंड, असं त्याचं म्हणणं. त्यात आपलं माणूस बसलं की ते आपलं शहर होतं. मी कुठल्या डब्यात आहे हे त्याला खालून कळावं म्हणून मी माझी हळदी रंगाची ओढणी दोन्ही हातांनी ताणून काचेला लावून धरायचे. अख्खी फेरी. हात भरून यायचे. आत मी त्याला काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी तो लॅपटॉपवर फोटो उघडायचा, मोठा करत करत न्यायचा, आणि एका डब्याच्या काचेत डाळीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका दिसला की म्हणायचा, "ही बघ तू."

एकूण एक फोटोत मी होते. घरी आलेल्या पाहुण्यांना तो आधी आकाशपाळणा दाखवायचा आणि मग मला शोधायला लावायचा.

माधव गेल्यावर त्याचा लॅपटॉप कंपनीला परत करायचा होता. रविकांत भाऊजी त्याच्याच टीममधले. म्हणाले, वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता, त्यातलं घरचं सगळं मी काढून देतो. दिलंही. एका पेन ड्राइव्हवर वाढदिवस, क्योतोची सहल, तन्वीचा शाळेचा पहिला दिवस. मी विचारलं, आकाशपाळण्याचे कुठे आहेत. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "वहिनी, कसं सांगू, ते फोल्डर करप्ट झालं होतं. मी खूप प्रयत्न केला. एकही उघडला नाही."

त्या दिवशी मी माधवसाठी दुसऱ्यांदा रडले. नवरा गेल्यावर त्याचे रविवारही गेले म्हणून. आणि भाऊजींनी मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

दोन वर्षांनी स्टेशनवर पोस्टर लागलं. आकाशपाळणा आता बंद होणार, पाडणार, म्हणून वॉर्डाच्या हॉलमध्ये निरोपाचं प्रदर्शन भरणार होतं. तन्वी माझ्या पुढे चालत होती, ती थबकली. ती आता माझ्याशी अर्धं जपानीतच बोलते. पोस्टरवर बोट ठेवून म्हणाली, "पापा नो मिझुतामारी." पापाचं डबकं. पोस्टरवर मजकुराची पट्टी आडवी आली होती, खालचा भाग जवळजवळ झाकला गेला होता, तरी काठावरची ती तुटकी फरशी पोरीने ओळखली. मी फोटो ओळखला. त्या दिवशी तन्वीचा एक बूट डबक्यात पडला होता आणि माधवने आधी फोटो काढला, मग बूट काढला, त्यावरून आमचं भांडण झालं होतं. कोपऱ्यात छायाचित्रकाराचं नाव होतं. कांजी, म्हणजे इथली चित्रलिपी, मला अजून धड येत नाही, पण परक्या लोकांची नावं लिहायची सोपी लिपी येते. एकेक अक्षर जुळवत मी वाचलं. रा-वि-का-न-तो.

इथून पुढे मी त्याला अहोजाहो करणार नाही, निदान लिहिताना तरी.

मी काही ताबडतोब भांडायला गेले नाही. त्यालाच फोन करून अभिनंदन केलं. तो घाईघाईने सांगायला लागला, वहिनी, मी पण तेव्हा माधवबरोबर जायचो ना, तेव्हाचे माझे काही होते पडलेले, म्हटलं द्यावेत. तो आमच्याबरोबर एकदा आला होता. एकदा, आणि तेव्हाही बाकावर बसून फोनवर क्रिकेट बघत होता. मी म्हटलं, छानच झालं. मला तुमच्याइतकाच आनंद झालाय.

माझ्या हातात पुरावा नव्हता. माधव कॅमेऱ्यातलं कार्ड दर रविवारी रिकामं करायचा. मी नुसती बोंब मारली असती तर मंडळात काय ऐकावं लागलं असतं ते मला पाठ होतं. मंडळातल्या ज्योत्स्नाकाकूंकडे मी अंदाज घेतला, नाव न घेता. त्यांनी नाव बरोबर ओळखलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, अगं, त्याने तुझ्यासाठी किती केलं, एका फोटोचं काय घेऊन बसलीस. म्हणजे अस्थी उचलल्या की नवऱ्याचं नावही उचलून न्यायची मुभा मिळते. मी हसून विषय बदलला. रात्रभर दात खात पडून होते.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती, आणि ती त्या फोटोतच होती. प्रदर्शनात तो फोटो भिंतीएवढा छापणार होते. भिंतीएवढ्या फोटोत डाळीचा दाणा बशीएवढा होतो. उद्घाटनाला वॉर्डाची माणसं असणार, आकाशपाळण्याच्या कंपनीची असणार, अख्खं मंडळ असणार. भाषण झाल्यावर प्रश्नोत्तरं. मी हात वर करून विचारणार होते, की या डब्यात हे पिवळं काय आहे. मग तो काहीतरी थाप मारणार, आणि मी पर्समधून ओढणी काढणार. प्रश्न मी जपानीत तयार केला आणि भांडी घासताना घोकून पाठ केला. त्याला मी चारचौघांत उघडा पाडणार होते आणि तोपर्यंत माझ्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलणार नव्हती.

मधल्या दिवसांत त्याची बायको अबोली दोनदा येऊन गेली. गरीब बाई, तिला काही माहीत नव्हतं. उद्घाटनाला थोडं आपल्याकडचं खायला ठेवू या का, विचारत होती. मी म्हटलं, भाऊजींना सुरळीच्या वड्या आवडतात, त्या मी करते. बेसन ताटाला फासताना मला इतकं बरं वाटत होतं की तन्वीने विचारलं, आई, आज कुणाचा वाढदिवस आहे.

उद्घाटनाच्या दिवशी मी वड्यांचा डबा अबोलीच्या हातात दिला आणि सरळ त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. जमिनीपासून माझ्या डोक्याच्याही वर, भिंत भरून. वरच्या अर्ध्यात आकाशपाळणा, खालच्या अर्ध्यात डबकं. मी माझा डबा शोधला. लाल डब्याच्या शेजारचा, चढत्या बाजूचा, मला नीट ठाऊक होता. तिथे स्वच्छ काच होती, आणि काचेत आभाळ.

मी पुन्हा बघितलं. पुढचे डबे बघितले, मागचे बघितले. दुसऱ्या फोटोकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. सगळे डबे रिकामे. माझे हात भरून यायचे त्या सगळ्या फेऱ्या, आणि कुठेही मी नव्हते.

तेवढ्यात त्याचं भाषण सुरू झालं. नवा सूट, केसांना जेल. जपानी तो उत्तम बोलतो, तो मान त्याला द्यायलाच हवा. त्याने धीर कसा लागतो ते सांगितलं, डबक्याजवळ पालथं कसं पडावं लागतं ते सांगितलं. मग म्हणाला, की अशी वास्तू ही शहराची खूण असते, तिच्या फोटोत दुसरं काहीही असता कामा नये. म्हणून प्रत्येक फोटो मी स्वतः संगणकावर बसून साफ केलाय. धूळ, डाग, नको ते ठिपके, सगळे काढले. हे मी जपानकडून शिकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नको ते ठिपके. नाव चोरलं होतं, आता कळलं की मलाही पुसून टाकलं होतं, भांड्यावरचा डाग पुसावा तसं. आणि त्याबरोबर माझा पुरावाही. पर्समध्ये ओढणी होती, तोंडात पाठ केलेला प्रश्न होता, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी तन्वीला शोधायला वळले.

ती फोटोच्या तळाशी उकिडवी बसली होती. बूट कुठे पडला होता ते शोधत होती बहुतेक. मी तिला उठवायला वाकले आणि माझी नजर डबक्यावर गेली. पाण्यात आकाशपाळणा उलटा होता. लाल डबा होता. लाल डब्याच्या शेजारच्या डब्यात, थोडं हललेलं, थोडं विरघळलेलं, पण बशीएवढं, पिवळंधमक.

वरून त्याने मला पुसलं होतं. खाली बघायला विसरला होता. ज्याने तो फोटो पोटावर पडून काढला असता, तो डबकं विसरला नसता.

मी तशीच थोडा वेळ वाकून राहिले. मला हसू येत होतं आणि ते इतरांना दिसायला नको होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुणीतरी कॅमेऱ्याबद्दल विचारलं, कुणीतरी भारताबद्दल. मग मी हात वर केला. त्याने मला बघितलं आणि कौतुकाने हसला, या आमच्या वहिनी, असं सगळ्यांना सांगितलं. पाठ केलेला प्रश्न निकामी झाला होता, म्हणून मी मोडक्यातोडक्या जपानीत, पण सावकाश बोलले. म्हटलं, फोटो फार सुंदर आहे. मला एवढंच विचारायचंय, पाण्यातल्या आकाशपाळण्यात लाल डब्याच्या शेजारी पिवळं काहीतरी आहे. वरच्या आकाशपाळण्यात ते नाही. असं कसं झालं?

त्याने खाली बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने ते डबकं नीट बघितलं असावं. म्हणाला, दिव्याचं प्रतिबिंब असेल. सकाळच्या फोटोत दिवा कुठला, हे विचारायची मला गरज पडली नाही. प्रदर्शन भरवणारे वॉर्डाचे ओगावा-सान पुढे आले, पँट वर ओढून फोटोपुढे गुडघ्यांवर बसले, पाण्यातल्या डब्यावर बोट ठेवलं, मग उठून वरच्या डब्यावर बोट ठेवलं. पुन्हा खाली बसले. इथले लोक ओरडत नाहीत. त्यांनी फक्त दातांतून लांब श्वास आत ओढला, आणि त्या आवाजाने सगळा हॉल गप्प झाला.

रविकांत माझ्याकडे आला आणि मराठीत, दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घरचं आपण घरी बोलू ना."

मी जपानीतच उत्तर दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून. "रविकांत-सान, त्या डब्यात कोण बसलं होतं?"

इतकी वर्षं मी त्याला भाऊजी म्हणत आले होते. परक्यांना मानाने लावायचा तो -सान त्याला थोबाडीत मारल्यासारखा लागला. अबोलीने हातातली वड्यांची बशी टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

मी पर्समधून ओढणी काढली, दोन्ही हातांनी ताणली आणि वरच्या रिकाम्या डब्यावर धरली. हात सवयीने बरोबर उंचीवर गेले. पाण्यातला पिवळा आणि हातातला पिवळा कुणालाही वेगळा वाटला नसता. मी म्हटलं, "मी बसले होते. खाली माझा नवरा पालथा पडला होता. हे सगळे फोटो माधवने काढले आहेत."

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. मागच्या खोलीत बसलो. तो कमरेतून वाकला, आधी ओगावा-सानसमोर, मग माझ्यासमोर. मूळ फोटोंची हार्ड डिस्क त्याच्या घरी होती, अबोली स्वतः टॅक्सीने जाऊन घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातात न देता माझ्या हातात दिली. तो म्हणत होता, माधव गेला, ते फोटो कुणी बघितले नसते, कुठेतरी पडून राहिले असते. मी म्हटलं, माझ्याकडे पडून राहिले असते. मग मी त्याला एकच विचारलं, की मी तुम्हाला खरंच डाग वाटले का.

तो टेबलाकडे बघत म्हणाला,

"नाही वहिनी. मला माहीत होतं. माधव ऑफिसात सगळ्यांना दाखवायचा, ही बघा विभा म्हणून. तुम्ही त्यात असताना फोटो माझा झाला नसता."

मला वाटलं होतं, त्याने मान खाली घातली की मला शांत वाटेल. अजिबात वाटलं नाही. उलट काड्या धरलेला त्याचा तो न थरथरणारा हात मला आठवला आणि मी आणखी पेटले.

ओगावा-सान हवालदिल झाले होते. त्यांनी मला विचारलं, आपली काय इच्छा आहे, प्रदर्शन बंद करायचं का. मी म्हटलं, मुळीच नाही. फोटोंखाली माझ्या नवऱ्याचं नाव लावा आणि मूळ फोटो छापा, पिवळ्या ठिपक्यासकट. आणि त्या मोठ्या फोटोच्या शेजारची भिंत रिकामी ठेवा. आकाशपाळण्याच्या शेवटच्या दिवशी रविकांत-साननी तसाच एक फोटो स्वतः काढावा, आणि तो तिथे, त्याच मापात, त्यांच्या नावाने लावावा. पाळणा बंद झाल्यावरही प्रदर्शन आठवडाभर चालणार आहे, तेव्हा सगळ्यांना बघता येईल. माझ्या नवऱ्याच्या मित्राची एवढीच आठवण मला हवी आहे.

ओगावा-सानच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळात तर माझा जयजयकार झाला. ज्योत्स्नाकाकू फोनवर म्हणाल्या, विभा, तुझं मन केवढं मोठं गं. मी म्हटलं, हो ना काकू.

एक रविकांत तेवढा समजला होता. पण नाही म्हणायला त्याला तोंड कुठे होतं.

शेवटचा दिवस लख्ख उन्हाचा निघाला. बाग माणसांनी फुललेली, जो तो फोन वर धरून. फरशीवर पाण्याचा थेंब नाही. रविकांत कोरे कपडे घालून, भाड्याने आणलेला कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, वहिनी, डबकं नाहीये. मी त्याला समोरचं कोंबिनी दाखवलं, चोवीस तास उघडं असतं ते दुकान. तो जाऊन पाण्याच्या मोठ्या बाटल्या घेऊन आला. त्या तुटक्या फरशीजवळ मी त्याला ओतायला लावल्या. पहिलं पाणी फटीतून वाहून गेलं. तो पुन्हा जाऊन आला. लोक बघत होते. मंडळातलेही होते. मग तो त्या नव्या पँटसकट पालथा पडला, आणि एक कुत्र्यावाली म्हातारी थांबून विचारू लागली, यांना बरं वाटत नाहीये का.

तन्वीला मी ज्योत्स्नाकाकूंजवळ ठेवलं आणि रांगेत उभी राहिले. रांग लांबलचक होती. तोवर त्याला उन्हात डबकं जपावं लागणार होतं, याचंही मला सुख झालं, खोटं कशाला बोलू.

डबा वर चढू लागला. खाली नदी दिसली, पूल दिसला, आमची बाल्कनी कुठे असेल ते शोधलं. मग फरशीवर पालथा पडलेला माणूस दिसला. एवढ्या उंचीवरून तोंड दिसत नाही. पाय फाकलेले, कॅमेरा पाण्याला टेकलेला. माझे दोन्ही हात आपोआप ओढणीच्या टोकांकडे गेले. इतक्या रविवारांची सवय ती. ओढणी काचेपर्यंत पोचलीसुद्धा. मग त्या माणसाने मान वर करून हात हलवला, आणि तो हात माधवचा नव्हता.

मी ओढणी खाली घेतली. तिची नीट घडी घातली, मांडीवर ठेवली आणि वर दोन्ही हात ठेवून बसले. मला रडू आलं ते मी येऊ दिलं. माधव, तू असतास तर म्हणाला असतास, जाऊ दे ना विभा. पण तू नाहीस, आणि मला जाऊ द्यायचं नव्हतं.

फोन वाजला. त्याचाच होता.

"वहिनी, तुम्ही कुठल्या डब्यात आहात? ओढणी दिसत नाहीये."

"रिकामाच काढा, रविकांत-सान," मी म्हटलं. "तुम्हाला तसाच आवडतो."

तो काहीतरी म्हणत होता. मी फोन बंद केला आणि समुद्राकडे बघत उरलेली फेरी पुरी केली. पाळणा त्या संध्याकाळी कायमचा थांबला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले, एकाच मापाचे. माधवच्या फोटोत मी दोनदा आहे, एकदा आभाळात, एकदा पाण्यात, आणि लोक मला बोटाने शोधतात. मग ते शेजारच्या फोटोकडे वळतात. आकाशपाळणा थोडा कललेला, डबकं अर्धं सुकलेलं, खाली त्याचं नाव ठळक अक्षरांत. सवयीने लोक तिथेही बोट फिरवतात, डब्यामागून डबा, आणि काही सापडत नाही म्हणून पुढे जातात. त्याच्या फोटोत वर त्याचं कुणी नाही आणि पाण्यातही कुणी नाही.